साथीचा रेडेडोह कधी फुटतो, तेही आधी सांगा

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या साथींचे आकडे ज्यांच्या टेबलावर येतात आणि फवारणीपासून औषधसाठ्यापर्यंतचे निर्णय ज्यांच्या सहीनं होतात, त्या सर्व अधिकाऱ्यांस

विषय : ‘हवामानविषयक बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ या उत्तराबाबत

महोदय, महोदया,

नमस्कार. मी शुक्रवार पेठेत राहते आणि गेली एकवीस वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त काढायचं, मशीनला लावायचं, शंका आली तर काच रंगवून मायक्रोस्कोपखाली स्वतः बघायचं, हे माझं काम. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. पण पावसाळ्यात आमच्या काउंटरवर ‘ओ मॅडम, पेशी (म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट) किती आल्या?’ हा प्रश्न दिवसातून किती वेळा येतो आणि विचारणारा कुठल्या गल्लीतला असतो, एवढ्यावरून साथ कुठं शिरलीय ते मला तुमच्या अहवालाआधी कळतं. यात माझी हुशारी काही नाही. माणूस ताप अंगावर काढून आधी आमच्याकडे येतो, कागदावर मागाहून.

पत्र उघडपणे लिहायची वेळ तीन ओळींच्या एका उत्तरानं आणली. मागच्या जूनमध्ये मी आणि आमच्या शेजारी राहणारे, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे एक सर, असे आम्ही दोघं अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. मागणी साधी होती. गेल्या दहा वर्षांतले डेंग्यू, चिकुनगुन्या, लेप्टो (उंदीर-जनावरांच्या लघवीतून होणारा ताप), कावीळ आणि जुलाब यांचे आठवडावार, वॉर्डवार आकडे द्या. नावं नकोत, पत्ते नकोत, मोबाइल नंबर तर मुळीच नकोत. सर ते आकडे पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदींशेजारी मांडून बघणार होते. आवक-जावकला अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली. उत्तर सप्टेंबरात आलं. ‘सदर माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने पुरविता येत नाही. तसेच हवामानविषयक बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’

ज्या आकड्यात कुणाचं नावच नाही त्यात गोपनीय काय, हे मला अजून उमगलेलं नाही. पण तेही एक वेळ सोडून देते. दुसरं वाक्य काही सोडवेना.

साहेब, आपण कोल्हापुरात बसून हे लिहिताय. इथं जुलैत मोबाइल उघडला की पहिला मेसेज पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीचा असतो. इतके फूट, इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. ‘रेडेडोह फुटला’, म्हणजे तिथं पंचगंगेचं पाणी पात्र सोडून बाहेर पडलं, एवढं कानावर आलं की चिखली-आंबेवाडीकडची माणसं जनावरांची दावी सोडायला लागतात. सुतारवाड्यात बोचकी बांधली जातात. कुंभार गल्लीत अर्धवट रंगवलेले गणपती माळ्यावर चढतात. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत कोण थांबतं? २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या. त्या दोन वर्षांनी आपल्याला एवढं तरी शिकवलं की पाऊस गगनबावड्यात पडतो तेव्हाच कोल्हापुरात हलायचं असतं. आणि राधानगरीचे ते सात स्वयंचलित दरवाजे! पाणी ठरल्या पातळीला आलं की आपसूक उघडतात. त्यांना टिपणी लागत नाही, वरिष्ठांचा अभिप्राय लागत नाही.

पाण्याच्या बाबतीत एवढं शहाणं असलेलं हे गाव साथीच्या बाबतीत मात्र रुग्णाची वाट बघत बसतं. माझी सगळी तक्रार एवढ्या एका गोष्टीची आहे.

साथसुद्धा पुरासारखीच येते, फक्त सावकाश. डेंग्यूचंच बघा. एडिस डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेघेच्या जरा वर चिकटवते. ती अंडी कोरडी पडून महिनोन्महिने तग धरतात. नळाला पाणी एक दिवस आड येतं म्हणून प्रत्येक घरात पिंप आहे, गच्चीत जुना टायर आहे, उद्यमनगरात शेडबाहेर भंगार पडलेलं आहे. मे महिन्यात वळीव कोसळतो, पाणी त्या अंड्यांपर्यंत चढतं आणि अळ्या वळवळायला लागतात. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस. तो डास तापाच्या माणसाला चावला की विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत यायला आणखी आठ ते बारा दिवस. उष्मा असला तर लवकर, गारठा असला तर उशिरा. तिथून पुढं दुसऱ्या माणसाला चावल्यावर ताप चढायला चार ते दहा दिवस. ताप आल्यावर दोन दिवस घरच्या घरी गोळी, मग फॅमिली डॉक्टर, मग आमचं काउंटर. करा बेरीज. एक फेरी पुरी व्हायला महिना सहज लागतो, आणि गल्लीच्या गल्ली आडवी व्हायला अशा दोन-तीन फेऱ्या तरी व्हाव्या लागतात. म्हणजे वळवाच्या पहिल्या सरीपासून मोजलं तर तुमच्या हातात जवळजवळ दोन महिने असतात. पुरात आपल्याला दोन दिवस मिळाले तरी आपण देवाचे आभार मानतो.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. पुण्याला पाषाण रस्त्यावर भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, सगळे जिला आयआयटीएम म्हणतात. तिथल्या सोफिया याकोब आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्यातला डेंग्यू आणि पुण्यातलं हवामान शेजारी शेजारी ठेवून अभ्यास केला. तो जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलं ते असं. पारा २७ अंशांच्या वर, हवेतली आर्द्रता ६० ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान आणि पाऊस बेताचा पण पसरून पडणारा, असं जुळून आलं की पुण्यात डेंग्यू वाढतो. उलट आठवड्यात १५० मिलिमीटरच्या वर कोसळला तर अळ्या, अंडी वाहून जातात आणि डेंग्यू कमी होतो. या गणितावरून दोन महिन्यांहून अधिक आधी इशारा देता येतो, असं त्यांचं म्हणणं. काळजी करावी असा आकडाही त्यात आहे. पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू २०३० पर्यंत १३ टक्क्यांनी आणि २०५० पर्यंत २३ ते ४० टक्क्यांनी वाढू शकतात.

हे सगळं झालं कशामुळे? पुण्याच्या आरोग्य खात्यानं आपले आकडे दिले म्हणून. हवामानाच्या नोंदी तर मिळतातच. अडतं ते आजाराच्या नोंदींपाशी.

आता कुणी म्हणेल, पुण्याचं गणित झालंय ना, तेच कोल्हापूरला लावा. तिथंच तर गोम आहे. पुण्याचा आठवड्याचा १५० मिलिमीटर पाऊस आमच्या गगनबावड्यात एका दिवसात पडतो आणि कुणी मान वर करून बघतही नाही. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरोळ-हातकणंगल्यात, वर्षभराचा पाऊस गगनबावड्याच्या साधारण दहावा हिस्सा. बारा तालुके आणि पावसाच्या तऱ्हा तितक्याच. आषाढात शहरात गारठा असतो, स्वेटर निघतात. श्रावणात उघडीप मिळाली, ऊन-पाऊस लपंडाव सुरू झाला, की माझ्या अनुभवात पंधरा-वीस दिवसांनी काउंटरवर गर्दी होते आणि गौरी-गणपतीला कळस गाठते. हे माझं निरीक्षण. खरं की खोटं ते दहा वर्षांच्या आकड्यांशिवाय कसं ठरणार? शिरोळचा धोक्याचा उंबरठा वेगळा असेल, करवीरचा वेगळा, शाहूवाडीचा आणखी तिसराच. तो शोधायला पुण्याहून कुणी येणार नाही. सर आहेत, विद्यापीठ आहे, इथलीच हुशार पोरं आहेत. त्यांच्या हातात फक्त आकडे द्यायचे होते.

आणि हे काही आजचं फॅड नाही. १९०८ साली पंजाबात मलेरियानं हाहाकार केला. त्यानंतर ख्रिस्तोफर्स नावाच्या डॉक्टरनं १९११ मध्ये अहवाल लिहिला आणि त्यात पाऊस, धान्याचे भाव आणि मलेरिया यांची सांगड घातली. पुढं १९२० च्या दशकात गिल नावाच्या अधिकाऱ्यानं तीच वाट धरली. पावसाळ्यातला पाऊस मोजायचा, शाळेतल्या पोरांच्या पोटाला हात लावून पाणथरी (प्लीहा) किती वाढलीय ते बघायचं, बाजारात धान्य काय भावानं चाललंय ते विचारायचं, आणि एवढ्यावरून शरदात कुठल्या जिल्ह्यात मलेरिया उसळेल ते आधी सांगायचं. शंभर वर्षांपूर्वी! कॉम्प्युटर नाही, मोबाइल नाही, उपग्रह नाही. त्यातला धान्याचा भाव मला फार पटतो. उपाशी पोराला तोच ताप जड जातो, हे त्या साहेबाच्या लक्षात आलं होतं. अलीकडचं उदाहरण हवं तर २००६ चं घ्या. समुद्राचं तापमान, पाऊस आणि उपग्रहातून दिसणारी हिरवळ यांवरून पूर्व आफ्रिकेत रिफ्ट व्हॅली तापाची साथ येणार, असा इशारा संशोधकांनी काही आठवडे आधी दिला होता, आणि साथ आली. हवामान आणि साथ या दोन वेगळ्या फायली नाहीत, हे जगाला कळून जमाना झाला.

आता तक्रारी. मुद्देसूद मांडायचा प्रयत्न करते, पण सगळ्या सारख्या लांबीच्या होणार नाहीत.

पहिली तक्रार आकड्यांची. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. २०२१ पासून सगळं पोर्टलवर गेलं. आशाताई घरोघर फिरून वहीत लिहितात, सिस्टर मोबाइलवर भरतात, आकडा वर जातो. वर गेलेला आकडा खाली कधी येत नाही. ज्या गल्लीतून तो गेला, त्या गल्लीला तो पेपरात वाचावा लागतो, तोही मेल्यांची संख्या असेल तर.

दुसरी तक्रार आमच्याबद्दलच. खासगी लॅबमध्ये बहुतेक डेंग्यू झटपट निकाल देणाऱ्या कार्डवर तपासला जातो. सरकार एलायझा ही जास्त खात्रीची तपासणी झाल्याशिवाय रुग्ण ‘निश्चित’ धरत नाही. ते योग्यच आहे, कार्ड चुकतं, मी स्वतः चुकलेलं पाहिलंय. पण ‘निश्चित नाही’ म्हणजे ‘घडलंच नाही’ असं होत नाही. एका आठवड्यात एकाच तालमीच्या परिसरातली सात पोरं कार्डावर पॉझिटिव्ह आली आणि पेशी घसरायला लागल्या, तर ती खूण आहे. तिला संशयित म्हणा, काहीही म्हणा, पण मोजा. आम्ही रोज संध्याकाळी दहा मिनिटांत भरून पाठवू असा एक सुटसुटीत तक्ता द्या. सध्या एक माणूस फोन करून विचारतो, दुसरा व्हॉट्सअॅपवर फोटो मागतो, तिसरा पंधरा दिवसांनी येऊन रजिस्टर बघतो आणि चहा घेऊन जातो.

तिसरी तक्रार धुराची, आणि ती माझ्या घरातली आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या भाच्याला ताप आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याकडेच राहतो. मंगळवारी मीच त्याचं रक्त काढलं. कार्ड पॉझिटिव्ह, प्लेटलेट एक लाख चाळीस हजार. गुरुवारी बासष्ट हजार. शनिवारी सकाळी मशीननं एकोणीस हजार दाखवलं. माझा विश्वास बसेना. कधी कधी प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीन कमी मोजतं, म्हणून मी काच रंगवली आणि मायक्रोस्कोपखाली हातानं मोजायला बसले. लाल पेशींच्या गर्दीत त्या जांभळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. एरवी एका दृष्टिक्षेपात पंधरा-वीस सापडतात. त्या दिवशी मी काच सरकवत राहिले, एक ठिपका दिसायचा, मग एकही नाही, मग पुन्हा एक. मशीन बरोबर होतं. वीस वर्षं मी लोकांना रिपोर्ट हातात देताना ‘काही नाही, डॉक्टरांना दाखवा’ म्हणत आले. त्या दिवशी ते वाक्य मला माझ्या बहिणीला म्हणता येईना.

तो वाचला. पाच दिवस दवाखान्यात होता. बहिणीनं पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध, जे जे कुणी सांगितलं ते ते केलं. मी तिला अडवलं नाही, तेवढाच तिच्या हाताला उद्योग. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला गल्लीत धुराची गाडी आली. पोरं मागं पळत होती. गाडी पाच मिनिटांत गेली.

धूर उडणाऱ्या डासाला मारतो. अळीला नाही, अंड्याला तर नाहीच. एडिस दिवसा चावतो आणि घरात कपड्यांच्या मागं, पलंगाखाली बसतो. रस्त्यावरचा धूर तिथं कितीसा पोचणार? त्याच रात्री मी टॉर्च घेऊन घर पालथं घातलं. आमच्या फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या होत्या. माझ्या घरात, लॅबवालीच्या. म्हणजे दोष फक्त तुम्हाला देते असं समजू नका. पण मला कुणी जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात येऊन सांगितलं असतं, की बाई, वळीव लवकर झालाय, यंदा तुमचा वॉर्ड इशारा पातळीवर आहे, फ्रीजचा ट्रे बघा, तर मी त्याच दिवशी बघितला असता. जूनमध्ये आमच्याकडे कुणीच आलं नाही. सप्टेंबरात दोनदा आले, स्टिकर लावून गेले.

चौथी तक्रार पुरानंतरच्या दिवसांची. पूर ओसरला की गाळ काढणं, पंचनामे, सानुग्रह अनुदान यांत सगळे बुडून जातात, आणि ते साहजिक आहे. पण प्रत्येक आजाराची तारीख जवळजवळ ठरलेली असते. जुलाब-उलट्या पहिल्या काही दिवसांतच. लेप्टोचा ताप बहुतेक वेळा पाण्या-चिखलातून फिरल्यावर पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. उंदीर, जनावरं यांच्या लघवीतला जंतू पायाच्या भेगेतून आत शिरतो, आणि आमचा शेतकरी तर गाळात अनवाणीच उतरणार. डेंग्यू महिन्याभरानं. दूषित पाण्याची कावीळ त्याहून मागं, कधी कधी दोन महिन्यांनी, तोवर पूर सगळे विसरलेले असतात. २०१२ ची इचलकरंजीची काविळीची साथ या जिल्ह्यानं पाहिलीय. मुंबईनं २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झेलला, मग लेप्टोची साथ झेलली आणि त्यातून शिकली. आता तिथं दर पावसाळ्यात सांगतात, साचलेल्या पाण्यातून चालला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. आमच्याकडे पाणी ओसरलेल्या तारखेपासून मोजून, अमुक दिवशी तापाची पाहणी, अमुक दिवशी पाण्याची तपासणी, असं कॅलेंडर गावाच्या चावडीवर लागलेलं मी अजून पाहिलं नाही.

पाचवी एका ओळीची. या सगळ्याचा पाया ज्या आशाताईंच्या पायांवर आहे, त्यांचे पैसे वेळेवर द्या.

तुमच्या बाजूनंही विचार केलाय. माणसं कमी आहेत, एकेका कर्मचाऱ्याकडे तीन-तीन वॉर्ड आहेत, हे मला दिसतं. अंदाज चुकतात, हेही खरं. गुगलनं २००८ मध्ये लोक इंटरनेटवर काय शोधतात त्यावरून फ्लूचा अंदाज बांधायला सुरुवात केली. त्याचा फार गाजावाजा झाला. २०१२-१३ च्या हंगामात तो अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीजवळ गेला आणि २०१५ मध्ये ते प्रकरण बंद झालं. म्हणून मी कुणा कंपनीचं चकचकीत अॅप मागत नाही. उलट तसलं काही विकत घ्यायला निघालात तर कृपा करून आधी सरांना दाखवा. आमचं म्हणणं साधं आहे. डॉक्टरांच्या आणि लॅबच्या रोजच्या नोंदींवर उभा असलेला, दर वर्षी तपासून दुरुस्त होणारा अंदाज हवा. आणि अंदाज चुकला तर काय होईल? एका वॉर्डातली पिंपं एकदा जास्त घासली जातील. पंचगंगा ४२ फुटांवरून माघारी फिरली म्हणून आजवर कुणी तक्रार केलीय का, की उगाच बोचकी बांधायला लावली?

लोक घाबरतील, असंही एका साहेबांनी तोंडी सांगितलं. साहेब, लोक घाबरतात ते आकडा दडवल्यावर. ‘चाळीस मेले म्हणे, दाबून ठेवलंय’ असले मेसेज मला रोज येतात, आणि ते खोटे आहेत हे सांगायला माझ्याकडे खरा आकडा नसतो.

तर मागण्या अशा :

आठवड्याचा एक वार ठरवा. त्या दिवशी डेंग्यू, चिकुनगुन्या, लेप्टो, कावीळ आणि जुलाब यांचे संशयित आणि निश्चित रुग्ण शहरात वॉर्डवार, ग्रामीण भागात गाववार जाहीर करा. नावाशिवाय. बंधाऱ्याची पातळी जशी जाहीर होते, तशी.

गेल्या दहा-पंधरा वर्षांचे असेच आकडे, नावं-पत्ते काढून, अभ्यास करू इच्छिणाऱ्या इथल्या विद्यापीठाला आणि कॉलेजांना द्या. तीन महिन्यांत.

हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. मे ते ऑक्टोबर दर आठवड्याला तो कागद आणि साथीच्या आकड्यांचा कागद एकाच टेबलावर ठेवून बैठक घ्या. ‘अखत्यारीत येत नाही’ हे वाक्य त्या बैठकीच्या इतिवृत्तात कधीही येऊ नये, एवढी विनंती.

प्रत्येक तालुक्यासाठी इशारा आणि धोका अशा दोन पातळ्या ठरवा आणि कुठल्या पातळीला काय करायचं ते आधीच लिहून ठेवा. इशाऱ्याला घरोघर पाणीसाठ्यांची तपासणी, अळीनाशक, गप्पी मासे, शाळांतून कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून सुकवायचा दिवस. धोक्याला दवाखान्यात खाटा, तपासणी किट, रक्तपेढीत प्लेटलेटची तयारी. पातळी गाठली की काम सुरू. राधानगरीच्या दरवाजासारखं, नव्या सहीची वाट न बघता. पहिल्या वर्षी पातळ्या अंदाजानंच ठरतील. ठरू देत, पुढच्या वर्षी दुरुस्त होतील.

खासगी लॅब आणि दवाखान्यांसाठी एकच तक्ता, एकच नंबर.

पूरग्रस्त गावांसाठी पाणी ओसरल्यापासून साठ दिवसांचं आजारांचं कॅलेंडर, आणि ते पाळायला एक जबाबदार माणूस, ज्याचा फोन लागतो.

दर डिसेंबरात हिशेब जाहीर करा. किती इशारे दिले, किती खरे ठरले, किती फुकट गेले. फुकट गेलेले लपवू नका. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांच्या रांगेत मी नसेन.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवीन पैसा लागत नाही. आकडे आहेत, अंदाज आहेत, माणसं थोडी आहेत पण आहेत. अर्ज पुन्हा करतोय. या पत्राची प्रत सोमवारी आवक-जावकला देऊन पोच घेणार आहोत. मागच्या वेळी उत्तराला तीन महिने लागले. या वेळी वळवाच्या आत यावं.

राहिली माझी वही. २००४ पासूनच्या पावसाळ्यांतल्या पेशी कमी आलेल्या रुग्णांची आठवडावार संख्या आणि परिसर मी एका जाड रजिस्टरात लिहीत आलेय. त्यात नाव कुणाचंच नाही. दोन पानं २०१९ च्या पुरात भिजून चिकटली, बाकी सगळं वाचता येतं. तुमच्या आकड्यांशेजारी ती ठेवून बघायची असेल तर कुणालाही पाठवा. लॅब दुपारी दोन ते चार बंद असते, त्या वेळात मी तिथंच असते. चहा ठेवते.

आपली,
शुक्रवार पेठेतली एक लॅब टेक्निशियन
कोल्हापूर